बाईंनी वर्गात पत्ते आणले तेव्हा

देवगाव रंगारीहून मी बी.ए.ला औरंगाबादला आले, शहराचं नाव तेव्हा तेच होतं, आणि संख्याशास्त्राच्या पहिल्याच सरावाच्या गणिताला अडले. पिसलेल्या पत्त्यांतून एक पान काढलं, तर ते राजा असण्याची संभाव्यता किती? आमच्या घरी पत्ते म्हणजे जुगार. मी कधी हातही लावला नव्हता. उभी राहून विचारलं, "बाई, पत्त्यांत राजे किती असतात?"

वर्ग खो खो हसला. बाई हसल्या नाहीत. "अजून कोणाला ठाऊक नाही?" त्यांनी विचारलं. हळूहळू निम्म्या मुलींचे हात वर झाले.

दुसऱ्या दिवशी बाई औरंगपुऱ्यातून पत्त्यांचा कोरा जोड घेऊन आल्या. टेबलावर इस्पिक, बदाम, चौकट, किलवर अशा चार रांगा लावल्या आणि आम्हाला भोवती उभं केलं. "सूत्र मागाहून. आधी काय काय घडू शकतं ते डोळ्यांनी बघा." आम्ही पानं काढली, परत ठेवली, पिसली. आठवडाभरात माझी भीती गेली. गणितं सोडवताना भूक लागल्याचंही कळेना.

पण कॉलेजात मुली पत्ते खेळतात, ही बातमी गावात पोचलीच. एका सकाळी वडील पहिल्या एस.टी.नं आले आणि तास चालू असतानाच दारात उभे राहिले.

"बाई, पोरीला शिकाया धाडलंय का पत्ते कुटाया?"

आज सामान बांधून परत, हे मी मनाशी धरलं. बाईंनी मात्र शांतपणे पत्ते खणात ठेवले आणि स्वतःची खुर्ची पुढं सरकवली. "या, बसा. शेतात काय असतं तुमच्या?"

वडील गोंधळले. टोपी सारखी करत बसले. "कपाशी."

"सरकी टोबता तेव्हा एका जागी किती टाकता?"

"दोन."

"दोन का?"

"एक नाय उगवली तर दुसरी तरी उगवंल."

"आणि उगवतात किती?"

"बी चांगलं आसंल तर दहातल्या आठ."

बाईंनी खडू माझ्या हातात दिला. "दोन्ही सरक्या वाया जाऊन जागा मोकळी राहण्याची संभाव्यता काढ. एकीच्या उगवण्याचा दुसरीशी संबंध नाही असं धर."

मी फळ्यापाशी गेले. एक सरकी न उगवण्याची संभाव्यता दोन दशांश, दुसरीचीही तेवढीच. गुणाकार केला. वडिलांकडं न बघताच मी म्हणाले, "शंभर जागांमागं साधारण चार जागा मोकळ्या राहतील."

वडिलांना अक्षरओळख बेताचीच होती, तरी ते फळ्याकडं एकटक बघत राहिले. मग बाईंना म्हणाले, "हे पत्त्यांतून शिकली व्हय?"

"पत्त्यांपासून सुरुवात केली," बाई म्हणाल्या. "परीक्षेत पत्तेच विचारतात. ते न दाखवता शिकवलं असतं, तर तुमच्या मुलीवर अन्याय झाला असता."

वडील उठले. बाईंना हात जोडले. दुपारी स्टँडवर त्यांनी मला भजी खाऊ घातली आणि एस.टी.त चढताना एवढंच म्हणाले, "बाई लई खंबीर हाय तुमची. मला चिडायला जागाच ठेवली नाय."

पुढं एम.ए.ला मी संख्याशास्त्राचा पेपर आवडीनं घेतला आणि नोकरीही आकड्यांचीच केली. चांगलं शिकवणारे पुष्कळ भेटले. पण भर वर्गात चिडून आलेल्या माणसाला खुर्ची देऊन, त्याचा मान राखून, त्याच्याच शेतातलं गणित घालणारं दुसरं कोणी भेटलं नाही. ते गणित बाईंनी आदल्या रात्री तयार करून ठेवलेलं नव्हतं. ते त्यांना तिथंच, उभ्या उभ्या सुचलं होतं.

बाई आता गारखेड्यात राहतात. नजर अधू झालीय. मी गेले की चहाआधी मला एखादं गणित मोठ्यानं वाचायला लावतात, डोळे मिटून ऐकतात आणि माझ्याआधी उत्तर सांगतात. माझंही तेच आलं, तरी सुटका नसते.

"बरोबर आहे," म्हणतात. "आता दुसऱ्या रीतीनं काढ."