एकविसावं पान

आत्याबाई गेल्या तेव्हा मी पंचवटीच्या फुलबाजारात माझ्या जागेवर बसले होते. शेजारी दूर्वा विकणाऱ्या बाईच्या मोबाइलवर यांचा फोन आला. "आई गेली, ये," एवढंच हे बोलले. माझ्या हातात अर्धा ओवलेला शेवंतीचा हार होता. शेजारची म्हणाली, "ठेव ना गं ते, सासू गेली तुझी." पण मी तो पूर्ण ओवला, गाठ मारली आणि मगच उठले. हात चालत होते तोवर बरं होतं... घरी नेऊन तोच हार त्यांना घातला. त्याला आता दीड महिना होऊन गेला.

मी चौथी शिकलेली आणि आत्याबाई जुनी सातवी झालेल्या. नव्वद सालच्या पुढेमागे लग्न होऊन मखमलाबादला आले, तेव्हा मला नवल वाटलं ते याचंच, की या घरात सून भांडी घासते आणि सासू पुस्तक वाचते. आमच्या मळ्यातली फुलं तोडून, निवडून झाली की त्या दुपारी शेडमध्ये पालथ्या क्रेटवर बसायच्या. आधी साबणाने हात धुवायच्या, कारण झेंडूचा रंग पानाला लागतो. खुणेला हाराचा दोरा. थुंकी लावून पान उलटणारा माणूस त्यांना खपायचा नाही, मग तो जावई का असेना. राजेरजवाड्यांची पुस्तकं त्यांना नको असत. ज्या पुस्तकात माणसं काय खातात ते लिहिलेलं नसेल, त्याच्यावर त्यांचा विश्वासच बसायचा नाही. "शंभर पानं झाली मंदे, अजून यांच्या घरात चूल पेटली नाय. जगतात कशावर ही माणसं?" असं म्हणून पुस्तक मिटायच्या, की ते परत जायचं.

न्यायचं-आणायचं काम माझं. बाजार आटोपला की जवळच्या एका लहान वाचनालयात जायचं, त्यांचं कार्ड दाखवायचं आणि पुस्तक बदलून बस धरायची. मला तिथे बोलायची लाज वाटे. कुठलं पुस्तक वाचून झालंय हे कसं ओळखायचं, असं मी पहिल्यांदा विचारलं, तेव्हा त्यांनी हाराची सुई दाखवली. पुस्तक वाचून संपलं की त्या एकविसाव्या पानावर, आकड्याच्या खाली, सुईने एक बारीक भोक पाडायच्या. एकवीस का, तर गणपतीच्या दूर्वा एकवीस, म्हणजे मी विसरणार नाही. "त्या कारकुनाला जन्मात कळायचं नाय," म्हणून हसल्या. मग मी कपाटातून पुस्तक काढायची, खिडकीशी जाऊन ते पान उजेडात धरायची. भोक नसेल तर पिशवीत. चौदा-पंधरा वर्षं आमचं असं चाललं.

मग एकदा त्यांनी स्वतःहून एक पुस्तक सांगितलं. लाल पुठ्ठ्याचं, दोन पोरांना घेऊन खानावळ चालवणाऱ्या बाईचं. मी काढून बघितलं तर भोक होतं. पुन्हा वाचावंसं वाटत असेल म्हणून आणलं. परत करायला नेलं तेव्हा सहज पान उजेडात धरलं, तर दोन भोकं. आवडीचं पुस्तक पुन्हा मागून आणलं तर त्याला भोक कशाला पाडायचं? मी खिडकीशी उभी राहिले आणि मला हळूहळू कळलं... त्यांच्या लेखी त्यांनी ते पहिल्यांदाच वाचलं होतं.

त्यानंतर मी लक्ष ठेवायला लागले. पुस्तकांमधून दोन भोकं, तीन भोकं दिसू लागली. घरात अजून कुणाला शंका आली नव्हती. मीठ दोनदा पडायचं, नातवंडांची नावं चुकायची, आणि हे म्हणायचे, वय झालं. मला माहीत होतं, पण मी बोलले नाही. बोलले असते तर दवाखाना झाला असता, सगळ्यांनी त्यांना वेड्यासारखं वागवलं असतं, असं मी मनाशी म्हणायची. पण खरं सांगायचं तर मला सोपंही झालं होतं. खानावळीचं पुस्तक आणलं की त्या खूश असत, शोधाशोध टळे, मला आधीची बस मिळे. दीड वर्ष मी अशी गप्प राहिले.

दसऱ्याच्या आधी आमच्याकडे पाठ टेकायला वेळ नसतो. चार दिवस झेंडू तोडून माझे हात फुटले होते. आत्याबाईंनी लाल पुस्तक माझ्या पुढ्यात ठेवलं. "हे झालं गं वाचून. बरं हाय. आता ते खानावळीवाल्या बाईचं आण, लय दिवसांचं राहिलंय."

ते तेच पुस्तक होतं.

"सात वेळा वाचलंय तुम्ही ते," मी म्हणाले. "सात वेळा. भोकं मोजा जाऊन."

इतक्या वर्षांत मी त्यांना उलटून बोलले ती ही एकदाच. त्या पुस्तक घेऊन दाराशी गेल्या, पान उजेडात धरून बराच वेळ उभ्या राहिल्या. रात्री नीट जेवल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे मळ्यात असताना त्या पिशवी घेऊन निघाल्या, स्वतः पुस्तक बदलायला. पंचवटीत उतरायच्या त्या पुढे द्वारका चौकात उतरल्या. तिथल्या गर्दीत रस्ता ओलांडताना रिक्षाचा धक्का लागला आणि खुब्याचं हाड मोडलं. पुस्तकात वाचनालयाचं कार्ड होतं, त्यावरून आमचा पत्ता लागला. डॉक्टरांनी सगळं तपासून विचारलं, "विसरायला कधीपासून लागल्या? कुणाच्या लक्षात नाही आलं?" सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मी फरशीकडे बघत राहिले.

पुढचे सात महिने त्या अंथरुणावर होत्या. आधी माझं नाव गेलं, मग यांचं. एका दुपारी मी लाल पुस्तक त्यांच्या हातात दिलं, म्हटलं निदान पानं तरी चाळतील. त्यांनी ते छातीवर पालथं ठेवलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

"वाचलंय मी हे," त्या म्हणाल्या. "सात वेळा."

पोटचा मुलगा आठवत नव्हता, आणि माझं तेवढं एक वाक्य राहिलं होतं... पुन्हा मी पुस्तक दिलं नाही, त्यांनी मागितलं नाही.

तेराव्याला आलेल्या लोकांना हे सांगत होते, "आईने शेवटपर्यंत वाचन सोडलं नाही. द्वारकेला पडली तीसुद्धा पुस्तकापायी." लोक माना डोलावत होते. मी चहा देत होते. यांना सांगायचं म्हणून दोनदा जवळ जाऊन बसले आणि दोन्ही वेळा उठून आले.

पुस्तक अजून परत केलेलं नाही. सुई शेडच्या खांबाला टोचलेली आहे, तिला मी हात लावत नाही. दुपारी साबणाने हात धुऊन त्यांच्या क्रेटवर बसते आणि अक्षराखाली बोट धरून वाचते. वीस पानांना मला नऊ दिवस लागले. काल एकविसावं वाचून उलटलं, तर मागच्या बाजूने ती सगळी भोकं बोटाला खरखरीत लागली. बोट पुढे सरकेना. मग सावकाश सरकवलं. त्या बाईच्या घरात चूल बाविसाव्या पानावर पेटते.