आठ स्क्रूंचं पार्टिशन

पहिलं स्वतंत्र काम मला मिळालं ऐंशीच्या दशकात, ऐरोलीजवळच्या एका गावात. घरमालकाची खाडीकडची शेतं नव्या शहरासाठी गेली होती आणि जुन्या घराच्या जागी त्याने दुमजली बंगला बांधला होता; पुढचं दार तेवढं जुनंच, जुन्याच जागी ठेवलं होतं. इंटिरियर डिझायनर म्हणजे नक्की कोण, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. खरं सांगायचं तर मला तरी कुठे धड कळलं होतं? डिप्लोमा ताजा, अंगात मस्ती मात्र भरपूर. कुठलंही ड्रॉइंग पुढे केलं की तो म्हणायचा, "तुमी शिकलेल्या, तुमी सांगाल तसा." सारखा होकारच ऐकून मी आणखी गोंधळायचे.

दार उघडलं की सगळा हॉल उघडा पडतो, म्हणून मी ड्रॉइंगमध्ये दारासमोरच एक पार्टिशन काढलं होतं. खाली कपाट, वर काचेचं शोकेस. त्याला वळसा घालून आत जायचं. त्याचाच फोटो दाखवून पुढची कामं मिळवायची, असा माझा बेत होता. मी फरशीवर खडूने त्याची जागा आखली आणि मालकाची म्हातारी आई आली. तिने चटई टाकली, दाराकडे पाय केले आणि सरळ आडवी झाली. तळवे बरोबर माझ्या रेघेला टेकले.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्याही दिवशी. फरशी गार लागत असेल, असं आधी वाटलं. मग वाटलं, मुद्दाम आडवी येतेय. मालकाला विचारलं तर तो नुसता हसला. चौथ्या दिवशी माझं डोकंच फिरलं.

"आजी, तुम्ही रोज हे काय करता?"

"माझा घरवाला ह्याच दारानं सरल गेला," ती पडल्या पडल्याच म्हणाली. "मी का वाकरी जाव?"

कळायला क्षण लागला. ती तिरडीबद्दल बोलत होती. पण डोळ्यांसमोर तो फोटो होता. मी म्हटलं, "स्वयंपाकघराला मागचं दार आहे ना."

चहा घेऊन आलेली तिची सून जागीच थांबली. म्हातारी उठली, चटई गुंडाळली, "बरा" म्हणाली आणि आत गेली. ते वाक्य आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

त्यानंतर ती कधी आडवी झाली नाही. सुतारमिस्त्रींजवळ चहा पीत बसलेली दिसायची. मला वाटलं, पटलं असेल. पार्टिशन ड्रॉइंगबरहुकूम उभं राहिलं, फोटो छान आला, त्यावर वाशीत दोन फ्लॅटची कामंही मिळाली.

दीडेक वर्षाने त्यातल्याच एका कामावर मिस्त्री म्हणाले, "बाई, ती म्हातारी गेली. मला आज सकाळीच बोलावून नेलं, पार्टिशन काढायला."

"पण ते तर पक्कं बसवलं होतं ना? निघालं कसं?"

त्यांनी रंधा उगाचच पुसला. "चिकटवायला सरस लावलाच नव्हता. आठ स्क्रूंवर उभं होतं. म्हातारीनं शब्द घेतला होता माझ्याकडून."

मला राग आला. मिस्त्रींचा, म्हातारीचा की माझा, तेच उमगेना. तेरावं झाल्यावर मी त्या घरी गेले. मोकळा हॉल बघायची मनाची तयारी केली होती. बघते तर पार्टिशन होतं तिथेच, काचासुद्धा लख्ख पुसलेल्या.

"परत का लावलंत?" मी सुनेला विचारलं.

"आईच बोलल्या व्हत्या," ती म्हणाली. "मना नेला का पार्टिशन परत तसाच लावा. पोरीनं लई मेहनत केलीय."

दिलेला चहा कसाबसा संपवला आणि पार्टिशनला वळसा घालून मी बाहेर पडले.