गणूचं गाणं नसलेला अल्बम

वासू धाडवे गेल्याची बातमी मला मिलिंदच्या फोनवरून कळली. दादरच्या मंडईतून येऊन मी पिशवी खाली ठेवत होतो. "काका, वासूआजोबा पहाटे गेले," एवढं बोलून तो थांबला. मग म्हणाला, "झोपेतच..." त्याला आणखी काही विचारायचं आहे असं मला वाटलं, पण त्या दिवशी तो बोलला नाही. दिवसकार्य उरकल्यावर बोलला. त्याचं उत्तर काय मिळालं, ते या लेखाच्या शेवटी येईल. आधी वासूबद्दल सांगायला हवं, कारण त्याचं नाव वाचकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

मिलिंद वासूचा नातू नाही, ध्वनिमुद्रक आहे. काही वर्षांपूर्वी त्याने वासूच्या आयुष्यभराच्या गाण्यांतून निवडून एक अल्बम काढला. त्यात संयुक्त महाराष्ट्राच्या सभांमधली गाणी आहेत, गणपतीतली आहेत, वरातीच्या बँडबरोबर गायलेली आहेत आणि नंतरच्या दोन कॅसेटमधलीही आहेत. वासूचं मूळ गाणं कोकणातल्या जाखडीचं, ज्याला मुंबईत बाल्या नाच म्हणतात. मधे गाणारे बसतात, भोवती एका पायात घुंगरू बांधलेले गडी फेर धरतात आणि सगळे पाय एकदम जमिनीवर पडतात. या ठेक्यावर वासूने शाहिराचा डफ चढवला आणि भायखळ्याच्या फ्रान्सिस नावाच्या गोवेकराची क्लॅरिनेट आणली. शाहीर म्हणत, हा बँड आहे. बँडवाले म्हणत, हा बाल्या नाच आहे. रेडिओवरच्या एका साहेबाने त्याला विचारलं होतं, "धाडवे, तुम्हाला मी कुठल्या कार्यक्रमात बसवू?" वासू म्हणाला, "साहेब, बसवू नका, उभाच ठेवा." कार्यक्रम अर्थातच मिळाला नाही.

मी त्याला पहिल्यांदा ऐकलं ते परळच्या एका मैदानात. मी नवा बातमीदार होतो आणि सभेचं वार्तांकन करायला गेलो होतो. पुढाऱ्यांना यायला उशीर होता, म्हणून कलापथकाला वेळ भरून काढायला सांगितलं होतं. वासू तेव्हा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता. बारीक अंगाचा, आवाज मात्र खणखणीत. त्याच्या शेजारी गणू उभा होता. गणू वासूच्याच चाळीतला, शेजारच्याच खोलीतला, मूळचा मालवणकडचा. त्याला गाता येत नव्हतं, पण ठेका त्याच्या पायाचा असे. उजव्या पायात घुंगरू बांधून तो सुरुवात करी आणि बाकीचे सगळे त्याच्या पायावर चालत. बघता बघता मैदानातले लोक उठून डोलायला लागले. पथकाचे प्रमुख मंचामागे वासूवर उखडले. "लोकांना नाचायला लावलंस तर मोर्चाला कोण येणार?" वासू घाम पुसत म्हणाला, "नाचत येतील की, अण्णा." गणू हसला. फ्रान्सिस क्लॅरिनेट पुसता पुसता म्हणाला, "अपना लीडर लोग को भी नचाव रे वासू, टाइम पे आयेगा." माझ्याकडे वळून वासूने विचारलं, "काय पेपरवाले, हे छापणार का?" मी भाषणं छापली. बातमीत गाण्याला जागा नसे.

पुढे मुंबईत गोळीबार झाले. लालबागमध्ये झालेल्या एका गोळीबारात गणू गेला. त्या दिवशी मी चाळीत पोचलो तेव्हा गणूची आई दारात बसली होती. ती रडत नव्हती. येईल त्याला एवढंच सांगत होती की त्याला तिनेच खाली पाठवलं होतं... बेकरी उघडी असली तर पाव घेऊन ये म्हणून. गणू मोर्चात नव्हता, आणि ते चाळीत सगळ्यांना माहीत होतं.

वासूने महिन्याभरात गाणं बांधलं. शाहिरीत शेवटच्या कडव्यात कवीने आपलं नाव गुंफायची रीत आहे. वासूने तिथे स्वतःचं नाव घातलं नाही, गणूचं घातलं. "गणू पुढे, छाती पुढे, मागे गिरणगाव" ही ती ओळ. ठेका गणूचाच ठेवला. शेवटचं कडवं आलं की गाणं क्षणभर थांबे आणि गणूचं नाव घेताच फेरातले सगळे पाय एकदम खाली येत. थोड्याच दिवसांत समोरचे लोकही पाय आपटायला लागले. लालबागपासून शिवाजी पार्कपर्यंत जिथे सभा असेल तिथे त्या गाण्याची मागणी होई. जे प्रमुख वासूवर उखडले होते तेच आता पत्रकावर त्याचं नाव ठळक छापायला सांगत. वासू प्रसिद्ध होऊ लागला होता. त्याच्या उभ्या आयुष्यात हे एवढंच एकदा घडलं.

गणूची आई सुरुवातीला प्रत्येक सभेला येई. पुढे बसे, पदर तोंडाशी धरून. मग यायची थांबली. एका रविवारी मी वासूच्या खोलीत चहा घेत असताना ती आत आली आणि उंबऱ्याजवळच उभी राहिली.

"वासू, माझो झील छाती काढून खंय गेल्लो रे?"

वासूने कप खाली ठेवला.

"पाव हाडूक गेल्लो तो. तुका म्हायत आसा."

"आये, गाण्यात तसं म्हणावं लागतं."

"म्हण. पण तू त्येका दर सभेक मारतंस. आणि लोकां नाचतत. आता पुरे कर, बाबा."

वासूने तिचे पाय धरले आणि ते गाणं पुन्हा गाणार नाही असं सांगितलं. मला वाटलं होतं, आठवडाभर टिकेल. पुढच्या सभेत लोक ओरडत राहिले आणि वासूने दुसरंच गाणं सुरू केलं. प्रमुखांनी नंतर त्याला समजावलं, मग दम दिला. "गाणं आता तिचं नाही, तुझंही नाही. चळवळीचं आहे." वासू म्हणाला, "मग चळवळीने गावं." आणि तसंच झालं. पथकातल्या दुसऱ्या एकाने ते घेतलं, साध्या शाहिरी चालीत बसवलं, ठेका काढून टाकला. शेवटच्या कडव्यात गणूच्या जागी स्वतःचं नाव घातलं. राज्य मिळालं त्या सुमाराला ते गाणं त्या माणसाचं म्हणून ओळखलं जात होतं, आणि वासू गणपतीच्या मांडवात आणि वरातींत गात होता. त्याने तक्रार केल्याचं मी कधी ऐकलं नाही. पण त्या दुसऱ्याचं नाव निघालं की तो उठून गॅलरीत जाई, हेही खरं आहे.

अल्बम ठरला तेव्हा मिलिंदने दादरच्या एका जुन्या माईकवाल्याकडून एक टेप मिळवली होती. तिच्यावर ते गाणं होतं, वासूच्या आवाजात, मूळ ठेक्यासह. मिलिंदच्या मते या गाण्याशिवाय अल्बमला अर्थ नव्हता. हे ऐकलं की वासू कोण होता ते लोकांना कळेल, असं त्याचं म्हणणं. वासूने नकार दिला. "अहो आजोबा, त्या बाई जाऊन तीस वर्षं झाली," मिलिंद म्हणाला. "म्हणून काय," वासू म्हणाला, "शब्द पण गेला?" अल्बम त्या गाण्याशिवाय निघाला. दोन-तीन ठिकाणी परीक्षण आलं. एकाने लिहिलं की गायक गुणी आहे, पण त्याचं म्हणून ठसणारं एकही गाणं नाही. वासूने ते मला मोठ्याने वाचून दाखवायला लावलं. वाचून झाल्यावर म्हणाला, "बरोबर लिहिलंय."

मिलिंदला फोनवर जे विचारायचं होतं ते हेच, की ते गाणं आता तरी घेता येईल का. दिवसकार्य झाल्यावर तो टेप आणि यंत्र घेऊन वासूच्या लालबागच्या खोलीत आला. मलाही बोलावलं होतं. वासूची पत्नी शेवंतावहिनी चळवळ संपल्यावर लग्न होऊन मुंबईत आल्या. त्यांनी हे गाणं वासूच्या आवाजात कधीच ऐकलं नव्हतं. मिलिंदने त्यांना सगळं नीट सांगितलं. अल्बम पुन्हा काढायचा आहे, आता निर्णय तुमचा, आजोबांचं नाव होईल. नाव व्हावं असं वहिनींना वाटत होतं. नवऱ्याच्या पाठीमागे त्या मला अनेकदा म्हणाल्या होत्या, "एवढं गायले हो, कुणी ओळखलं तरी का?"

"आधी लाव," त्या म्हणाल्या.

टेप खरखरली. मग घुंगरू, डफ, क्लॅरिनेट, आणि पंचविशीतला वासू. मी ते इतक्या वर्षांनी ऐकत होतो. शेवटच्या कडव्यावर नाव आलं, हजारो पाय पडले, कुणीतरी "वन्स मोअर" ओरडलं. वासू हसला... टेपवर ते स्पष्ट ऐकू येतं... आणि "घ्या मग!" म्हणत त्याने तेच कडवं आणखी जोरात उचललं. तो आवाज खूश होता. मिलिंदने आमच्याकडे बघितलं. "हे हसणं मी कापीन," तो हळूच म्हणाला.

वहिनी वासूच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होत्या. "हा ठेका मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "रोज संध्याकाळी चालायचा. तोंडातून शब्द नाही, नुसता पाय. मी म्हणायची, काय वाजवता? तर म्हणायचे, काही नाही."

मिलिंद पुढे सरकला. "म्हणजे आजी, त्यांना ते गाणं हवं होतं!"

"हवं होतं, म्हणून तर नाही म्हणाले." त्यांनी डोळे पुसले. "नको रे बाळा. राहू दे."

मिलिंदने वाद घातला नाही. टेप डब्यात घातली आणि डबा घेऊन गेला. ती त्याच्या मालकीची आहे, आणि तो पुढे काय करील ते मी सांगू शकत नाही. वहिनींनी नकार दिला त्या वेळी मी तिथे होतो, एवढं इथे नोंदवतो.

मी उठलो तेव्हा वासूच्या खुर्चीपुढे, उजव्या बाजूला, जमिनीवर गोणपाटाची एक घडी दिसली. वहिनी म्हणाल्या, खालच्या बिऱ्हाडाला पायाचा आवाज जातो अशी तक्रार आली होती, तेव्हा त्यांनीच ती घातली. अजून उचललेली नाही. घडी कडेने जाड आहे. मधे, टाच पडायची तिथे, तिच्यातून लादी दिसते.