गोड वास

नव्वदीच्या दशकात मी नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट होतो. शाळांच्या सहली आल्या की मळी आंबवायच्या टाक्या मीच दाखवायचो. सोबत आलेल्या मास्तरांसाठी आमची एक सलामी ठरलेली होती. टाकीचं झाकण उघडायचं आणि म्हणायचं, वाकून वास घ्या, गोड येतो. फेसावर साचलेला वायू सुईसारखा नाकात घुसायचा आणि माणूस मागे कोलमडायचा.

एकदा माझ्याच हायस्कूलची सहल आली. बरोबर आमचे विज्ञानाचे सर होते. आठवीत मी अमोनियाची बाटली थेट नाकाला लावली, म्हणून त्यांनी सगळ्या वर्गासमोर माझ्या कानाखाली वाजवली होती. वास हाताने नाकाकडे ओढून घ्यायचा, हे त्यांनीच तेव्हा शिकवलं.

"सर, वाका की जरा. लई गोड वास हाय," मी म्हणालो.

जुन्या विद्यार्थ्याच्या शब्दावर ते वाकले. दुसऱ्या क्षणी ते गुडघ्यांवर होते, चष्मा टाकीत गेला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पोरं खिदळली. मीही हसलो, ते लपवलंसुद्धा नाही.

सर कसेबसे उठले आणि पोरांना म्हणाले, "बघितलंत? वास असा घ्यायचा नसतो. चूक माझी."

माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. आमची फिट्टंफाट झाली होती.

पुढच्या वर्षी त्याच शाळेची सहल आली. बरोबर नव्या, तरुण बाई होत्या. त्यांनी माझं काहीच बिघडवलं नव्हतं. तरीही मी झाकण उघडलं.