कंडक्टरबाईंची भरलेली बाटली

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर कंडक्टरबाई राहतात. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण नाव काही निवृत्त झालं नाही. जिन्यात दोन माणसं समोरासमोर आली की त्या अजूनही म्हणतात, "पुढे सरका, पुढे सरका," आणि माणसं निमूट सरकतात. मी दुसऱ्या मजल्यावरचा, निवृत्त कारकून. अख्खी नोकरी मी त्यांच्याच बसने केली आणि एकदा डेपोतल्या तक्रारवहीत त्यांच्याविरुद्ध पानभर लिहिलंसुद्धा: 'महिला वाहक प्रवाशांवर विनाकारण खेकसतात. वेळ सकाळी अकरा चाळीस.' हे त्यांना ठाऊक आहे. माझं अक्षर फार सुंदर होतं, असं त्या चारचौघांत सांगतात.

तर या बाई गेल्या वर्षी महिन्याभरात दोनदा पडल्या. एकदा जिन्यात, एकदा भाजीच्या दुकानासमोर. बसल्या जागेवरून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. डॉक्टरांनी सगळं तपासलं. हृदय ठीक निघालं, मूत्रपिंडं ठीक निघाली. त्यांनी रक्तदाबाची गोळी थोडी कमी केली आणि म्हणाले, "बाई, तुमच्या अंगात पाणी फार कमी आहे. प्या जरा."

त्यांची एकुलती एक लेक दुसऱ्या गावी शाळेत शिकवते. ती धावत आली. आईचं काळंनिळं कोपर पाहिलं आणि सरळ म्हणाली, "आई, आणखी एकदा पडलीस तर मी काही ऐकणार नाही. घराला कुलूप लावायचं आणि माझ्याकडे यायचं. मला सुट्टी लागली की येते, तेव्हा काय ते ठरवू." जाताना तिने लिटरभराची एक हिरवी बाटली टेबलावर ठेवली. "दोन घेतल्यात. एक तुला, एक मला."

सुट्टीला सात आठवडे होते. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. आधीच कमी, त्यात हे. लेकीशी वाकडं मुळीच नव्हतं. जावईही सज्जन. "पण कारकूनसाहेब," त्या मला म्हणाल्या, "इथे खाली उतरले की दहा जण हाका मारतात. तिथे सातव्या मजल्यावर मी कोणाची कंडक्टरबाई?" असं म्हणताना त्यांचा आवाज कापला. एकतीस वर्षं गर्दीवर ओरडलेला तो आवाज कापलेला मी पहिल्यांदाच ऐकला आणि मला अजिबात आवडलं नाही.

म्हणून मी त्यांना मंगळवारच्या वर्गाला ओढून नेलं. आरोग्य केंद्राने वाचनालयाच्या वरच्या खोलीत सहा आठवड्यांचा वर्ग काढला होता, म्हाताऱ्यांनी आपापली दुखणी आपणच कशी सांभाळायची याचा. माझं नाव रक्तदाबासाठी आधीच घातलेलं होतं. तिथे शिकवायला डॉक्टर नव्हता. होता आमच्याच भागातला निवृत्त पोस्टमन, पंधरा वर्षांचा मधुमेह अंगावर वागवणारा. वर्गाचा नियम एकच. प्रत्येकाने पुढच्या आठवड्यासाठी एक छोटं काम स्वतःच ठरवायचं आणि ते जमेल याची खात्री दहापैकी किती, ते सांगायचं. आकडा सातच्या खाली आला तर काम आणखी लहान करायचं. मी 'रोज वीस मिनिटं चालेन' म्हणालो, आकडा पाच निघाला, आणि पोस्टमनने मला दहा मिनिटांवर आणून ठेवलं. चारचौघांत माझी किंमत अर्धी झाली.

बाई म्हणाल्या, "रोज आठ ग्लास पाणी. खात्री दहा."

पुढच्या मंगळवारी पोस्टमनने विचारलं, "किती दिवस जमलं?"

"एकही नाही."

दुसऱ्या आठवड्यात ग्लास सहा, खात्री नऊ. जमलं शून्य. तिसऱ्या मंगळवारीही हिरवी बाटली पिशवीतून काठोकाठ भरलेली बाहेर आली तेव्हा पोस्टमन म्हणाला, "बाई, तिकीट फाडल्यासारखा आकडा देऊ नका. खरा सांगा."

बाईंच्या नाकाचा शेंडा लाल झाला. आता आपल्या सगळ्यांना खाली उतरवतात की काय, असं मला वाटलं. पण त्यांनी बाटली खाली ठेवली.

"दोन," त्या म्हणाल्या.

"काय आडवं येतं?"

"पाणी नाही येत आडवं. प्यायल्यावर जावं लागतं ना, ते येतं." खोलीत सात पुरुष होते. त्यांच्याकडे न बघता बाई बोलत राहिल्या. "पहाटे पाचला डेपोतून बस निघायची, दुपारी दीडला परत. मधे बायकांना जायला कुठे जागा नाही. ड्रायव्हर कुठल्याही भिंतीकडे तोंड करून मोकळा व्हायचा. मी काय करणार? आदल्या संध्याकाळपासूनच घोट घ्यायचा नाही. चहासुद्धा नाही. आणि तरीही अकरा वाजले की जीव नकोसा व्हायचा. एकतीस वर्षं असं काढलं. आता तहानच लागत नाही मला. बाहेर पडायचं म्हटलं की बाटली उघडायला हात धजत नाही."

अकरा चाळीस. मी वेळसुद्धा लिहिली होती. मला त्या खुर्चीत बसवेना.

"बाई," मी म्हणालो, "ती माझी तक्रार..."

"अक्षर छान होतं हो," त्या म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसता पुसता हसल्या. मग मागच्या रांगेतल्या दोघी एकदम बोलायला लागल्या. आमच्याही कारखान्यात असंच होतं, माझंही असंच होतं. आम्ही सातही पुरुष आपापले बूट बघत बसलो.

पोस्टमनने खडू उचलला. चौतीस वर्षं त्याने याच गल्ल्यांतून टपाल वाटलं, आणि मधुमेहामुळे त्याला स्वतःलाही दर तासाला गरज लागायची. कोणत्या दारामागे काय आहे ते त्याला तोंडपाठ होतं. फळ्यावर त्याने आमचे रस्ते काढले आणि ठिपके देत सुटला. "हे वाचनालय. हा दातांचा डॉक्टर, पेशंट नसला तरी जाऊ देतो. फुलवालीच्या दुकानामागे आहे, पण बेल वाजवायची नाही, हाक मारायची. शिंप्याकडे कडी आतून नीट लागत नाही, बाहेर कोणीतरी उभं करा." एकूण अकरा ठिपके झाले. दुसऱ्या दिवशी तो बाईंना घेऊन अकराही दारांवर गेला आणि न लाजता विचारून आला. शिंप्याने तर त्याच दिवशी कडी बदलली.

"हे तुमचे थांबे," त्याने सांगितलं. "निघताना एक ग्लास. मग प्रत्येक थांब्यावर चार घोट."

"खात्री सात," बाई म्हणाल्या. त्या आठवड्यात पाच दिवस जमलं.

त्याच्या पुढच्या आठवड्यात फुलवालीचं दुकान दोन दिवस बंद होतं, तर बाईंनी दोन्ही दिवस पाणी सोडून दिलं. पोस्टमन एवढंच म्हणाला, "थांबा बंद असला तर बस काय डेपोत परत जाते?" बाईंना हे लागलं. मग मात्र त्यांनी एकही दिवस चुकवला नाही. अंधारी यायची थांबली, आणि सकाळी अकराला त्या मला जिन्यात गुणगुणताना दिसू लागल्या. मला जरा भीतीच वाटली.

सुट्टी लागली त्या दिवशी दुपारी चारला लेक आली. हातात मोठी बॅग होती, आईचे कपडे भरायला आणलेली, रिकामी. मला साक्षीदार म्हणून वर बोलावलं होतं. बाईंनी वर्गाची वही लेकीपुढे ठेवली. कुठल्या दिवशी किती ग्लास, खात्री किती, कोणते थांबे, सगळं त्यात होतं. पडल्याची नोंद एकही नव्हती. मग बाई खुर्चीत बसल्या, ताडकन उठल्या, पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या.

"पुरे, आई. कळलं," लेक म्हणाली. ती हसत होती, पण एका हाताने कपाळ दाबत होती.

"डोकं दुखतंय?"

"रोजचंच आहे."

बाईंची नजर लेकीच्या पर्सकडे गेली. त्यातून हिरवी बाटली डोकावत होती. बाईंनी ती उचलली. ती काठोकाठ भरलेली होती.

"कधी भरलीस?"

"सकाळी. शाळेला निघताना. तिथूनच थेट आले." लेकीने मान खाली घातली. "आई, अख्ख्या शाळेला बायकांचं एकच आहे, तेही मैदानाच्या पलीकडे. एवढ्याशा मधल्या सुट्टीत कुठे जाऊन येऊ? मग नाहीच पीत."

बाई खाली बसल्या. मी काढता पाय घेणार होतो, पण त्यांनी हातानेच थांबवलं. त्यांनी बाटली उघडली, ग्लास भरला, लेकीच्या हातात दिला आणि ती पिऊन संपवेपर्यंत तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

"शाळेत रोज असे चार ग्लास," त्या म्हणाल्या. "खात्री दहापैकी किती?"

लेकीने वहीकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते. "तीन."

"सातच्या खाली आमच्याकडे चालत नाही. चार दिवस राहा, लहान करू," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी ती रिकामी बॅग पायाने कॉटखाली सरकवली.