दोन पाळ्यांचं झाड

मुलाने घेतलेली गाडी जुनी होती, पण लांबीला चांगली होती. ती अंगणात मावायची तर अ‍ॅव्होकाडोचं झाड जायला हवं होतं. त्याने हे आईला सांगितलं तेव्हा ती ओट्यापाशी शेंगा निवडत होती.

"आई, आठ वर्षं झाली. एक फळ नाही. दोन वर्षं नुसता मोहोर येतो आणि झडून जातो. झाडलोटीचं काम तेवढं वाढलंय."

"झाडते मी. तू झाडतोस का?"

"तसं नाही गं. पण गाडी कुठे ठेवू मी? डोक्यावर?"

खिडकीपाशी वडील पेपर वाचत होते. पेपर खाली न करताच ते म्हणाले, "ते झाड नर आहे. पपईत नाही का निघत? नर निघाला की कापायचा, विषय संपला."

"तुम्हाला कसं कळलं नर आहे ते?"

"बाळंत होत नाही म्हणजे नरच असणार."

तिने शेंगेची शीर जरा जोरातच ओढली. "यंदाचा मोहोर संपेपर्यंत थांब," ती मुलाला म्हणाली. "फळ धरलं तर झाड राहील. नाही धरलं तर मीच करवत आणून देते तुझ्या हातात."

हे ती रागात बोलून गेली. बोलल्यावर मात्र तिचा हात थांबला, कारण शब्द दिला की फिरवायचा नाही हे या घरात तिनेच सगळ्यांना शिकवलं होतं. मुलगा "ठरलं" म्हणून निघूनही गेला.

तिला कारखान्यात भिंगबाई म्हणायचे. काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात ती तेवीस वर्षं तपासणीवर होती. पांढऱ्या उजेडाच्या पडद्यासमोरून बाटल्या सरकत जायच्या आणि केसाएवढी चीर, बुडबुडा, मानेचा वाकडेपणा दिसला की ती बाटली हिच्या हाताने बाजूला व्हायची. साहेबांच्या मशिनला दिसायची नाही ती चीर भिंगबाईला दिसायची. पहिली पाळी तिची, सकाळी सात ते तीन. नवरा त्याच कारखान्यात भट्टीवर होता, दुसऱ्या पाळीत, तीन ते रात्री अकरा. ही बाहेर पडायची तेव्हा तो आत शिरायचा. गेटपाशी दहा मिनिटं मिळायची. त्यात घराची किल्ली, पोराचा ताप, संपलेलं तेल आणि घरमालकाची कटकट, सगळं इकडून तिकडे द्यायचं. संसार म्हणजे गेटवरचा निरोप, असं ती मैत्रिणींना सांगायची. मैत्रिणी विचारायच्या, मग पोरगं झालं कसं गं? ती म्हणायची, रविवारी सुट्टी असते ना.

निवृत्त झाल्यावर पहिले चार महिने तिच्या हातांना करमत नव्हतं. त्याच सुमाराला नव्या सुनेने बाजारातून अ‍ॅव्होकाडो आणले. नवऱ्याने एक घास खाल्ला, "साबणाला मीठ लावलंय" म्हणाला आणि त्या दिवसापासून त्याचं नाव अवघडो ठेवलं. भिंगबाईला मात्र आतला बाठा आवडला. गुळगुळीत, मुठीत बसणारा. एक तिने खड्डा करून पुरला तो पावसाच्या पाण्यात कुजला. दुसऱ्या वेळी तिने शहाणपण केलं. विटांचे तुकडे आणि माती टाकून गुडघ्याएवढा उंचवटा केला आणि बाठ्याची टोकदार बाजू वर ठेवून त्यावर लावला. पाणी मुळाशी साचेना. रोप वर आलं. दुपारच्या उन्हाने कोवळ्या खोडाची साल भाजायला लागली तेव्हा तिने खोडाला चुना फासला. पानं गळली ती तिथेच बुंध्याशी पसरली. झाड पहिल्या मजल्याच्या खिडकीपर्यंत गेलं.

त्याच पिशवीतला एक बाठा सुनेच्या आईनेही नेला होता. विहीणबाई दोन गल्ल्या पलीकडे राहायच्या. त्यांचं झाड आधी वाढलं. कधीही भेटल्या की त्यांचं सुरू व्हायचं, "आमचं खांद्याला लागलं", "आमचं छपराच्या वर गेलं". एकदा नातवाच्या वाढदिवसाला, सगळ्यांसमोर, भिंगबाईच्या तोंडून निघून गेलं, "उंचीचं काय घेऊन बसलात, विजेचा खांबही उंच असतो." विहीणबाईंनी हातातली ताटली खाली ठेवली ती ठेवलीच. तेव्हापासून दोन वर्षं दोघींचं बोलणं बंद होतं. सून मधल्या मधे दोन्हीकडचे डबे पोचवायची.

यंदा मोहोर आला तसं भिंगबाईने स्टूल अंगणात नेलं. कारखान्यातून निघताना मिळालेलं भिंग होतं, ते डोळ्याला लावून ती सकाळी सातला झाडाखाली बसली. फुलं हिरवट पिवळी, मुगाच्या दाण्याहून थोडी मोठी. उमललेल्या प्रत्येक फुलात मधोमध एक बारीक दांडी ताठ उभी होती, तिचं टोक ओलसर चमकत होतं. भोवतीचे तंतू आडवे पडलेले. पिवळी पूड कुठेच नाही. दुपारी ती फुलं मिटली. तीनच्या सुमाराला पाहिलं तर दुसरीच फुलं उमललेली, आणि त्यांचा नूर वेगळा. तंतू ताठ, त्यांच्यावर पिवळी पूड, आणि मधली दांडी सुकून काळी पडलेली.

"अहो, या झाडावर दोन जातीची फुलं आहेत."

"एका झाडावर कशी असतील? चष्मा पूस."

तिने चष्मा पुसला नाही. शिवणाच्या डब्यातला लाल दोरा काढला आणि सकाळी उमललेल्या पाच फुलांच्या देठांना बांधला. दुपारी ती पाचही मिटली. दुसऱ्या दिवशी सकाळभर मिटलेलीच. तीन वाजता भिंग लावून पाहिलं तर लाल दोऱ्याची पाचही फुलं पुन्हा उमललेली, पिवळ्या पुडीने भरलेली.

ती स्टुलावर बसून राहिली. फुलं दोन जातीची नव्हती. फूल तेच होतं, सकाळी बाई आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बुवा. आणि सगळं झाड घड्याळ लावल्यासारखं एकदम. सकाळी सगळ्या बायका, बुवा एकही नाही. दुपारी सगळे बुवा, बायका घरी गेलेल्या.

जेवताना ती म्हणाली, "झाडाचं कळलं मला. पाळीचा घोटाळा आहे."

मुलाला ठसका लागला. "आई, जेवताना काय बोलतेस!"

"कारखान्याची पाळी रे, मूर्खा. बाई पहिल्या पाळीत, बुवा दुसऱ्या पाळीत. गाठ पडणार कशी?" मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "आपलं जमलं, कारण आपल्याला रविवार तरी होता. या बिचाऱ्याला रविवारच नाही."

नवऱ्याने पेल्यातलं पाणी संपवलं. "म्हणजे नर नाही तो?"

"अर्धा दिवस आहे. तुमच्यासारखा."

सून रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती, तिला असल्या गोष्टींत रस वाटायचा. तिने मोबाईलवर शोधलं आणि म्हणाली, "आई, बरोबर आहे तुमचं. पण काही झाडांची वेळ उलटी असते म्हणे. सकाळी पूड, दुपारी बाई. तशा झाडाची फुलं मिळाली तर फळ धरेल."

"तसं झाड कुठे शोधायचं?"

सून ताटाकडे बघत हळूच म्हणाली, "माझ्या आईकडच्या झाडालाही फळ धरत नाही."

त्या झाडाची वेळ उलटी आहे का ते बघायला विहीणबाईंच्या दारात जावं लागणार होतं. सगळ्यांना कळलं होतं.

भिंगबाईने तीन दिवस घालवले. मोहोर काही तिच्यासाठी थांबणार नव्हता. खालचे तुरे झडायला लागले होते आणि सकाळी झाडताना केरसुणीखाली त्यांचा चुरा लागत होता. चौथ्या दिवशी सकाळी आठला ती भिंग पिशवीत टाकून विहीणबाईंच्या दारात उभी राहिली.

दार उघडलं. विहीणबाईंच्या डोक्याला टॉवेल गुंडाळलेला होता.

"अगंबाई! वाट चुकलात की काय?"

"झाड बघायला आले."

"कुठलं? विजेचा खांब?"

हे येणारच होतं. भिंगबाईने ते पायरीवरच गिळलं. "हो, तोच. चूक झाली माझी, त्या दिवशी तसं बोलायला नको होतं. आता आत येऊ का? नऊनंतर उन्हात नीट दिसत नाही."

विहीणबाई दारातून बाजूला झाल्या. मागच्या अंगणात झाड होतं, खरंच छपराच्या वर गेलेलं. भिंगबाईने एक तुरा वाकवला आणि भिंग लावलं. तंतू ताठ उभे होते. बोट लावलं तर बोटाला पिवळी पूड लागली. सकाळचे सव्वाआठ वाजले होते.

"काय झालं? कीड आहे का?" विहीणबाईंनी विचारलं. आवाज घाबरलेला होता.

"कीड नाही. तुमचं झाड उलट्या पाळीचं आहे." आणि तिने सगळं समजावून सांगितलं, लाल दोऱ्यासकट. विहीणबाईंनी भिंग मागून घेतलं, बराच वेळ एक डोळा मिटून पाहिलं.

"म्हणजे तुमची सकाळची बाई आणि माझा सकाळचा बुवा."

"तसंच."

"आणि दुपारी उलट."

"दुपारी माझा बुवा, तुमची बाई."

विहीणबाईंनी भिंग परत दिलं. "मुलीकडची बाजू म्हणून मी सकाळी फुलं पाठवायची, असंच ना? आणि दुपारी माझ्याकडे कोण घेऊन येणार?"

"मी येईन."

"चहा टाकून ठेवीन मग," विहीणबाई म्हणाल्या. "पण साखर कमी घालते मी, आधीच सांगते."

तेव्हापासून तीन आठवडे भिंगबाईने पुन्हा पाळी लावून घेतली. सकाळी साडेसातला विहीणबाईंकडून मोहोराच्या डहाळ्या आणायच्या, लहान बाटल्यांत पाणी घालून त्यात खोचायच्या आणि तारेने आपल्या झाडाला टांगायच्या. बाकीचं काम मधमाश्यांचं. दुपारी आपल्या डहाळ्या घेऊन तिकडे. गल्लीतले लोक विचारायचे, झाडाला बाटल्या कशाला टांगल्यात? नवरा फाटकात उभा राहून सांगायचा, "सलाईन लावलंय." पण बाटल्यांतलं पाणी संपलं की भरायचा तोच. आणि एकदा पाऊस येणार असं वाटलं तेव्हा ही घरात नव्हती, तर त्याने बाटल्यांवर छत्री धरली होती असं सुनेने सांगितलं. तो म्हणाला, छे, मी कशाला.

मोहोर संपला आणि देठांना वाटाण्याएवढ्या हिरव्या गाठी दिसल्या. एका तुऱ्याला दहा, कुठे पंधरा. भिंगबाईने मुलाला काही दाखवलं नाही. बरं झालं नाही दाखवलं ते, कारण पुढच्या आठवड्यात त्या गळायला लागल्या. रोज सकाळी अंगणात हिरवे मणी सांडलेले. ती केरसुणीने गोळा करायची आणि कुणी उठायच्या आत टाकून द्यायची. एके दिवशी नवऱ्याने ते पाहिलं.

"सगळेच गळणार का गं?"

"माहीत नाही."

"भट्टीतून काढल्यावर किती बाटल्या फुटायच्या माहीत आहे ना? पण मालाची गाडी रिकामी कधी गेली नाही."

त्या सकाळचे मणी तिने तिथेच राहू दिले.

महिन्याभराने मुलगा शिडी आणि करवत घेऊन अंगणात आला. गाडी फाटकाबाहेर उभी होती, मागचं चाक गटाराच्या झाकणावर. खालच्या फांद्यांवर, जिथे बाटल्या टांगल्या होत्या तिथे, लिंबाएवढी चार फळं राहिली होती.

"चार," तो म्हणाला.

"धरलं तर राहील असं ठरलं होतं. किती ते नव्हतं ठरलं."

"हो, ठरलं ते ठरलं. झाड राहू दे. पण फाटकावर आलेली फांदी तरी काढू दे मला, गाडीचं तोंड तरी आत येईल." तो तिच्याकडे बघत थांबला. तिने मान हलवली. चार फळांवर तिला याहून जास्त ओढून धरता येत नव्हतं. वडिलांनी शिडी धरली. विहीणबाई तेव्हा डबा परत द्यायला आल्या होत्या, त्याही उभ्या राहिल्या.

मुलगा वर चढला. पानांत त्याचं डोकं दिसेनासं झालं. करवतीचा आवाज काही येईना.

"काय झालं रे?" भिंगबाईने विचारलं.

"आई, इथे आहेत."

"काय आहेत?"

"फळं. याच फांदीला आहेत. सात... नऊ... अगं, शेंड्याकडे गुच्छ आहे. खालून दिसत नाहीत, पानांच्या रंगाचीच आहेत." वर पानं सळसळली. "इथे कुणी बाटल्या टांगल्या होत्या?"

"कुणी नाही. शिडीवर चढायचं वय आहे का माझं?"

"मग मधमाश्या गेल्या असतील वर," विहीणबाई म्हणाल्या. मग जरा पुढे येऊन, "हे बघा, आत्ताच बोलून ठेवते. झाड तुमचं, फूल तुमचं, मान्य. पण बाप माझ्याकडचा. निम्मी फळं माझी."

"आणि तुमच्या झाडावरची?"

"त्यांचा बाप तुमच्याकडचा. तीही निम्मी घ्या."

"म्हणजे जेवढी द्यायची तेवढीच घ्यायची," नवरा शिडी धरूनच म्हणाला. "मग इकडून तिकडे नेता कशाला? आपापली ठेवा."

दोघींनी एकदमच त्याच्याकडे पाहिलं. "तुम्ही शिडी धरा," भिंगबाई म्हणाली.

मुलगा करवत काखेत घेऊन उतरला. हाताला भुसा नव्हता. त्याने फाटकाबाहेर जाऊन गाडीकडे पाहिलं, मग वरच्या फांदीकडे पाहिलं, आणि आत बसून गाडी गटाराच्या झाकणावरून काढून समोरच्या भिंतीला चिकटवून लावायला लागला. तिकडे जागा अरुंद होती. त्याला तीनदा पुढेमागे करावं लागलं. भिंगबाई फाटकात उभी राहून हात करत होती, "अजून ये, ये, बस, बस."