खिडकीतल्या उन्हातली बाटली

तिसऱ्या दिवशीही नळीत रंग आला नाही. मी रिपोर्टवर ‘युरोबिलिनोजेन: नाही’ असं लिहिलं आणि सही केली. नाशिकच्या दवाखान्यात लॅबोरेटरीचं काम मी एकटाच पाहत असे. एक खोली, एक मायक्रोस्कोप, नळ्यांचा स्टँड.

पेशंट होती यमुना, वय बावीस. तिचा नवरा तुकाराम इगतपुरी स्टेशनवर रुळांचे सांधे बदलणारा सांधेवाला होता. महिनाभरापासून तिला कावीळ होती, डोळे हळदीसारखे झालेले. शौचाचा रंग नर्सने विचारला तर ती लाजून ‘नेहमीसारखा’ एवढंच सांगे.

आमचे डॉक्टर साठे यांच्यापुढे प्रश्न एकच होता. पित्ताची वाट बंद आहे की नुसतं लिव्हर सुजलंय? रक्तातल्या जुन्या पेशी मोडल्या की त्यातून पिवळा रंग निघतो. लिव्हर तो पित्तातून आतड्यात सोडतं. आतड्यातले जंतू त्याचं युरोबिलिनोजेन करतात. त्यातलं थोडं रक्तात परत येतं आणि लघवीतून बाहेर पडतं. म्हणजे लघवीत ते सापडलं तर वाट उघडी आहे. दिवसामागून दिवस काहीच सापडलं नाही, तर कुठेतरी खडा किंवा गाठ अडकली असणार.

माझ्या तीन रिपोर्टांवरून साठे साहेबांनी ऑपरेशनसाठी मुंबईला चिठ्ठी लिहायला घेतली. काविळीत पोट उघडलं की रक्त लवकर थांबत नाही, हे तेव्हा आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तुकारामलाही कोणीतरी ते सांगितलं होतं.

तो लॅबच्या दारात येऊन उभा राहिला. उद्या निघायचं तर सकाळची लघवीची बाटली द्यायची की नाही, हे त्याला विचारायचं होतं. बाटली तो रोज स्वतः गरम पाण्याने धुऊन आणायचा. मी सहज विचारलं, “धरता किती वाजता?”

“पहाटंच, साहेब. वार्डातल्या बाया उठायच्या आधी. तिला लाज वाटती.”

माझ्याकडे बाटली दहाच्या पुढे यायची. मधला वेळ ती कुठे असते, असं मी विचारलं.

“खिडकीत ठिवतो, उन्हात. म्हनलं, गार पडाया नको.”

युरोबिलिनोजेन उजेडात टिकत नाही. चार तास उन्हात राहिलं तर त्याचं दुसरंच काहीतरी होतं आणि माझ्या तपासणीच्या औषधाला ते रंग देत नाही. हे मी शिकलो होतो. पण बाटली कधीची आहे, हे तीन दिवसांत एकदाही विचारलं नव्हतं. त्या माणसाने मायेने केलं होतं, चूक माझी होती.

मी वॉर्डात गेलो. यमुना भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी पलीकडे बघत तिला सांगितलं, की मला आत्ताची, ताजी बाटली हवी आहे. ती हळूच म्हणाली, “मी मुंबईला गेल्यावर ह्यांचं खान्यापिन्याचं कोन बघंल? ड्युटीवर गेलं की भूक लागली तरी सांगत नायत.”

“आधी बाटली द्या,” मी म्हणालो, “मग बघू.”

नर्सने पडदा लावला. बाटलीला काळा कागद गुंडाळून मी जवळजवळ पळतच लॅबमध्ये आलो. पित्ताचा रंग गाळून काढला, औषधाचे दहा थेंब टाकले आणि घड्याळ बघत बसलो. तुकाराम दारातच होता. त्याला जा म्हणायचं माझ्या जिवावर आलं.

पाच मिनिटांत नळी गुलाबी झाली.

किती आहे ते कळायला लघवीत पाणी वाढवत जायचं आणि गुलाबी छटा कुठवर टिकते ते बघायचं. साधारण माणसात एका भागाचे पाणी घालून वीस भाग केले की ती जाते. इथे शंभर भाग केले तरी दिसत होती. पित्त आतड्यात उतरत होतं आणि रक्तात परत आलेलं सुजलेल्या लिव्हरला सगळं झेपत नसल्याने ते लघवीत जास्त उतरत होतं.

नळ्यांचा स्टँड घेऊन मी साहेबांपुढे उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

“मग तीन दिवस तुम्ही काय तपासत होतात?”

“शिळी लघवी, साहेब.”

ते रागावले नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं. एका नळीवर आपला भरवसा नाही, असं त्यांनी सांगितलं. दोन दिवस ताजी लघवी तपासायची, शौचही लॅबमध्ये आणवायचं, तोवर चिठ्ठी टेबलातच राहील. दोन्ही दिवस रंग आला. वाट बंद असली की शौच मातकट होतं; तिचं पिवळसर होतं. मुंबई रद्द झाली.

पुढे मी रोज आकडा लिहीत गेलो. शंभर, साठ, चाळीस, वीस. रोजचा आकडा तुकाराम वॉर्डात जाऊन यमुनेला सांगायचा. त्याचा अर्थ दोघांनाही नीटसा कळत नसावा, पण तो कमी होतोय एवढं कळत होतं. विसावर आला त्या आठवड्यात तिचे डोळे पांढरे झाले. डॉक्टरांनी घरी सोडलं तेव्हा ती चालत टांग्यापर्यंत गेली. तुकाराम तिच्या कोपराला हात न लावता, पण लावता येईल इतक्या अंतरावरून चालत होता.

पहिले तीन दिवस नळीत रंग आला नाही, एवढंच मला ठाऊक होतं. लघवीत युरोबिलिनोजेनच नाही, असं मी लिहून मोकळा झालो होतो. पुढच्या सगळ्या नोकरीत मी बाटलीवर नावाच्या आधी वेळ लिहून घेतली. नर्सेस मला त्यावरून हसत. मी हसू दिलं.